पाद्रीच डिटेक्टिव्ह असेल तर गुन्हा उलगडायचा कुणी?

कसबेकर:
हिचकॉकचा 'आय कन्फेस' (१९५३) अखेर पाहून झाला आणि तेव्हापासून डोक्यात भुणभुण चालू आहे. खाली सगळी गोष्ट फोडली आहे, ज्यांना पाहायचाय त्यांनी इथूनच परत फिरावं.

कॅनडातलं क्वेबेक शहर. चर्चमध्ये वरकामाला असलेला ऑटो केलर हा जर्मन निर्वासित पाद्र्याचा झगा चढवून विलेट नावाच्या वकिलाच्या घरी चोरी करायला जातो आणि वकिलाचा खून करून बसतो. त्याच रात्री फादर लोगनपुढे (मॉन्टगोमेरी क्लिफ्ट) कन्फेशनमध्ये, म्हणजे पापांच्या कबुलीत, सगळं ओकतो; आणि तिथे ऐकलेलं पाद्र्याने कुणालाही सांगायचं नसतं. इकडे दोन शाळकरी मुलींनी झगेवाल्या माणसाला वकिलाच्या घरातून निघताना पाहिलेलं. त्यात हा वकील नेमका लोगनच्या पाद्री होण्याआधीच्या मैत्रिणीला ब्लॅकमेल करत होता. झालं, सगळी बोटं फादरकडे. आणि फादर? पोलिसांपुढे गप्प, कोर्टातही खुन्याबद्दल चकार शब्द नाही. फाशी डोक्यावर लटकते तरी नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. रहस्यपटात शेवटी कुणीतरी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून 'खुनी हा!' असं म्हणायचं असतं. पाद्र्याला ते म्हणायचीच बंदी असेल तर त्याला नायक करता कशाला? दुसरं म्हणजे खुनी मोकळा राहतो आणि शेवटी स्वतःच्या बायकोलाही गोळी घालतो. तिच्या मरणाचं पाप कुणाच्या माथी? मला तर वाटतं हा नियम सिनेमावाल्यांनी सोयीने ताणलाय. इथे कॅम्पातली, वसईची मंडळी आहेत, त्यांनी सांगावं. आणि हीच गोष्ट पुण्यात घडली तर काय होईल, हेही.

मिरची_भजी:
सत्तर वर्षं जुन्या सिनेमाला 'इथूनच परत फिरा'! पुढच्या वेळी रामायणालाही इशारा द्या, कुणाचा तरी रसभंग व्हायचा.

तिसरी_घंटा:
कसबेकर, तुम्ही हिचकॉकचंच म्हणणं खरं केलंत. त्याने पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत कबूल केलं होतं की हा सिनेमा करायलाच नको होता. कॅथलिक माणसाला फादर का गप्प आहे हे सांगावं लागत नाही, पण बाकीचे म्हणणार, छे, एवढ्यासाठी कोण जीव देतं! हिचकॉक स्वतः लंडनच्या जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाच्या) शाळेत शिकलेला, त्यामुळे त्याला ते गृहीतच होतं.

मूळ नाटक फ्रेंच, १९०२ सालचं. त्यात पाद्री खरोखर फासावर जातो. स्टुडिओने तो शेवट चालवून घेतला नाही, म्हणून सिनेमात ज्यूरी पुराव्याअभावी सोडते आणि बाहेर जमाव फादरच्या अंगावर येतो. मला तो जमावाचा तुकडा फाशीपेक्षा जास्त झोंबतो. कायद्याने सुटलेला माणूस आणि एकाही चेहऱ्यावर विश्वास नाही.

एक प्रसंग पुन्हा पाहा. सकाळच्या न्याहारीला सगळे पाद्री टेबलाशी बसून किरकोळ गप्पा मारताहेत. केलरची बायको आल्मा कॉफी ओतत त्यांच्या पाठीमागून फिरते. तिला सगळं ठाऊक आहे, कारण नवऱ्याने रात्री तिलाही सांगितलंय. फादरला ठाऊक आहे का, एवढंच तिला त्याच्या चेहऱ्यावर वाचायचंय. टेबलावरचं बोलणं एक आणि कॅमेऱ्याने सांगितलेलं भलतंच. तपास म्हणाल तर तो आल्मा करतेय, किटली हातात घेऊन.

ओटीटी_ग्रस्त:
नायिकेचा किस्सा राहिला. ॲन बॅक्स्टरच्या जागी आधी स्वीडनची अनिता ब्योर्क ठरली होती. बाई आल्या त्या मित्राला आणि लग्नाविना झालेल्या बाळाला घेऊन. स्टुडिओच्या तोंडचं पाणी पळालं आणि ऐनवेळी नायिका बदलली. पापक्षालनावरचा सिनेमा काढणाऱ्यांची क्षमाशीलता ही अशी.

क्वार्टरगेटची:
कसबेकर, नियम कुणी ताणलेला नाही. उलट सिनेमात जरा सैलच दाखवलाय.

मी नाना पेठेत वाढले, आमचं चर्च म्हणजे सिटी चर्च. कन्फेशनला आमच्या घरात कुमसार म्हणतात, आजी गोव्याची. चर्चच्या कायद्यातलं ९८३ वं कलम सांगतं की कुमसारात ऐकलेलं शब्दाने, खुणेने, कुठल्याही कारणासाठी उघड करायचं नाही. जाणूनबुजून फोडलं तर फादर त्या क्षणी आपोआप बहिष्कृत, वेगळा खटलाबिटला लागत नाही. तेराव्या शतकातल्या लॅटरन परिषदेपासून, म्हणजे १२१५ पासून, हे लेखी आहे. ही झाली सगळ्यांना माहीत असलेली बाजू.

खरी गोम पुढच्या कलमात, ९८४ मध्ये. बोलायचं तर नाहीच, पण ऐकलेल्या माहितीचा वापरही करायचा नाही, जर त्याने सांगणाऱ्याचं नुकसान होणार असेल. समजा चर्चचा कारभारी येऊन म्हणाला, 'फादर, मी दानपेटीतले पैसे उचलतो.' तर फादरने दुसऱ्या दिवशी पेटीची किल्ली दुसरीकडे ठेवायची नाही. त्याला कामावरून काढायचं नाही. त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायचंही नाही. किल्ली काल जिथे होती तिथेच आजही. धर्मशास्त्र शिकवताना याहून भारी प्रश्न घालतात: मिस्साच्या वाइनमध्ये विष आहे हे कुमसारात कळलं, तर फादरने काय करायचं? यावर पंडितांनी पानंच्या पानं भरली आहेत.

आता या नियमाने लोगनकडे बघा. खुनानंतर सकाळीच तो वकिलाच्या घराकडे जातो आणि तिथे इन्स्पेक्टर लारूच्या नजरेत भरतो. मैत्रिणीच्या भानगडीसाठी त्याला जायचंच होतं असं धरलं तर ठीक. पण रात्री जे ऐकलं त्यामुळे पाय तिकडे वळले असतील, तर माझ्या आजीने त्याला तिथेच बाजूला घेतलं असतं.

आणि ते सिनेमातलं रिकामं चर्च, मेणबत्त्या, मध्यरात्री धावत येणारा पापी! आमच्याकडे संध्याकाळची मिस्सा झाली की कुलूप. कुमसार शनिवारी संध्याकाळी, रांगेत. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांत, आणि नाताळाच्या आधी तर रांग दारापर्यंत जाते, मग रामवाडीच्या पेपल सेमिनरीतून मदतीला फादर येतात. एकेक जण जांभळी स्टोल (लांब पट्टी) गळ्यात घालून कोपऱ्याकोपऱ्यात खुर्ची टाकून बसतो. अनोळखी फादरपुढची रांग नेहमी जास्त लांब असते, का ते सांगायला नको. आमची एक मावशी स्वतःची पापं दोन वाक्यांत आटपते आणि उरलेला वेळ सुनेची सांगते. शेवटी फादर म्हणतात, बाई, सुनेला स्वतः येऊ दे.

मिरची_भजी:
सुनेची पापं सासूने सांगितली तर माफी कुणाला मिळते? तांत्रिक शंका आहे, चेष्टा नाही.

क्वार्टरगेटची:
कुणालाच नाही. मावशीला वर 'तीन नमो मरिया म्हण' एवढं मिळतं.

ॲड_खडूस:
पुण्याचा प्रश्न राहिला, तो मी घेतो. निराशा होईल.

आपल्याकडे वकिलाला अशिलाचं बोलणं फोडता येत नाही, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम १२६, नव्या साक्ष अधिनियमात १३२. नवरा-बायकोत जे बोलणं झालं ते कोर्टात सांगायची सक्ती करता येत नाही, जुनं १२२, नवं १२८. धर्मगुरूचं कलम? शोधत बसा. नाहीच.

आता केलरने गुपित किती जणांना सांगितलं ते मोजा. बायकोला आणि फादरला. खटला पुण्यात चालला तर बायकोच्या तोंडाला कायद्याचं संरक्षण आणि फादरच्या तोंडाला शून्य. सरकारी वकील फादरला पिंजऱ्यात उभं करून विचारू शकतो, 'केलर काय म्हणाला?'

पुढची गंमत. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, जुनं कलम २५, १ जुलै २०२४ पासून नवं कलम २३. पण त्रयस्थ माणसापुढे दिलेली कबुली चालते. कोर्ट तिला कमकुवत मानतं, जोडीला दुसरा पुरावा मागतं, पण दारातून आत घेतं. म्हणजे केलर चौकीत जाऊन रडला असता तर वाया गेलं असतं. चर्चमध्ये रडला, ते कामाचं.

वर हेही ऐका: खुनाची माहिती असेल तर ती कळवणं हे कुणाही नागरिकाचं कर्तव्य आहे, जुन्या फौजदारी संहितेचं कलम ३९, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ३३. 'वाजवी सबब' असेल तर सुटका, पण ती वाजवी आहे हे सिद्ध करायचं ओझं सबब सांगणाऱ्यावर. चर्चचं ९८३ वं कलम ही वाजवी सबब होते का, यावर मी कुठल्याही बाजूने उभा राहायला तयार आहे. फी वेगळी.

कसबेकर:
वकीलसाहेब, म्हणजे पुण्यातला लोगन आत?

ॲड_खडूस:
लोगन स्वतः आरोपी असेल तर नाही. राज्यघटनेचं कलम २०(३), आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, खुशाल गप्प बसावं. फादर नुसता साक्षीदार असेल आणि उत्तर द्यायला नकार दिला, तर जुन्या दंडविधानाच्या १७९ खाली जास्तीत जास्त सहा महिने साधी कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आता सहा महिने साध्या कैदेवर क्लायमॅक्स उभा करून दाखवा!

मिरची_भजी:
फादर दंड भरतो, पावती घेतो, स्कूटरला किक. समाप्त.

डोकेदुखी:
सगळे हसण्यावारी नेताय म्हणून मी खडा टाकतो. गुप्ततेच्या याच नियमाआड जगभर मुलांवरचे अत्याचार दडवले गेले. ऑस्ट्रेलियात रॉयल कमिशन या चौकशी आयोगाने २०१७ च्या अहवालात स्पष्ट म्हटलं की मुलांच्या बाबतीत कन्फेशनलाही सूट नको. नंतर तिथल्या व्हिक्टोरिया, क्वीन्सलँड या राज्यांनी तसे कायदे केले. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं १९ वं कलम कुणालाच सूट देत नाही, डॉक्टरला नाही, शिक्षकाला नाही, पाद्र्यालाही नाही. आणि आपण इथे क्लिफ्टच्या डोळ्यांतल्या वेदनेवर बोलतोय. नियम जुना आहे म्हणून पवित्र ठरत नाही.

क्वार्टरगेटची:
डोकेदुखी, या मुद्द्यावर मला चर्चची वकिली करायची नाही. फक्त एक फरक ध्यानात घ्या. बिशपच्या कचेरीत आलेली तक्रार, पालकांचं पत्र, दुसऱ्या फादरने डोळ्यांनी पाहिलेलं, यातलं काहीच कुमसार नाही. ते दडवलं असेल तर ती निव्वळ लपवाछपवी, तिला सील-बिल, म्हणजे कुमसाराच्या गुप्ततेचा नियम, काही लागू नाही, आणि त्या लोकांना मुळीच सोडू नये. गुन्हेगार कुमसाराला येतोच आणि खरं सांगतोच, ही कल्पना मात्र सिनेमाची आहे. कायद्याने सील मोडलं तर तो आधी यायचा बंद होईल.

डोकेदुखी:
तो येत नाही हे तुम्हीच म्हणता, मग सील मोडून तोटा कुणाचा? पटलं नाही. पण कचेरीतली तक्रार आणि कुमसार हे दोन वेगळे, एवढं मान्य.

वसईवाला:
ताई, एक भर घालतो. बऱ्याच लोकांना वाटतं की फादर म्हणू शकतो, 'आधी पोलिसांत जा, मगच क्षमा.' सिनेमातही असे संवाद टाळ्या घेतात. पण व्हॅटिकनने २०१९ मध्ये एक टिपण काढलं, त्यात स्वच्छ लिहिलंय की पोलिसांत हजर होण्याची अट घालून क्षमा अडवायची नाही. समजवा, आर्जवं करा, अट नाही. पश्चात्तापच दिसत नसेल तर क्षमा नाकारता येते, तो प्रश्न निराळा. आणि क्षमा नाकारली तरी ऐकलेलं पोटातच ठेवायचं.

म्हणून मला केलरचं कन्फेशन खोटं वाटतं. आदल्या रात्री रडतो आणि नंतर रक्ताचा झगा फादरच्याच पेटीत दडवतो? हा पश्चात्ताप नव्हे, साक्षीदाराच्या तोंडाला लावलेलं कुलूप आहे. फादरला गप्प करायचं, मग त्यालाच अडकवायचं.

पेठी_इतिहास:
असलं कुलूप उघडायला कोर्टं पूर्वीही बसली आहेत. १८१३ साली न्यूयॉर्कमध्ये चोरीचा माल एका जेझुइट पाद्र्यामार्फत मालकाला परत मिळाला. कोर्टाने विचारलं, कुणी दिला? फादर कोलमन म्हणाले, सांगणार नाही. कोर्टाने त्यांची बाजू घेतली. न्यूयॉर्क राज्याने नंतर तसा कायदाही केला. प्रागच्या पुलावरून नदीत लोटलेल्या संत योहान नेपोमुकची गोष्टही याच विषयाची, सन १३९३. राणीचं कन्फेशन राजाला सांगितलं नाही म्हणून मारलं, अशी दंतकथा. इतिहासकार मात्र म्हणतात, भांडण मठाच्या नेमणुकीवरून होतं. गोष्टीपेक्षा कारण रुक्ष असतं बऱ्याचदा.

पुण्यात शूटिंग करायचं तर पंचहौदचं चर्च घ्या. घंटांचा तो उंच मनोरा आणि खाली गुरुवार पेठेचे वाडे. रात्री एक फ्रेम लावली की निम्मा सिनेमा झाला.

क्वार्टरगेटची:
पंचहौद कॅथलिक नाही हो! ते उत्तर भारत चर्चचं, पूर्वीचं अँग्लिकन. झगा सारखा दिसला म्हणून पंथ एक होत नाही. कॅथलिक हवं तर आमचं सिटी चर्च घ्या, १७९२ चं. पेशव्यांच्या फौजेतल्या गोवेकर ख्रिस्ती शिपायांसाठी सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर उभं राहिलं. नाहीतर एम्प्रेस गार्डनकडचं सेंट पॅट्रिक, ते आयरिश पलटणीसाठी बांधलेलं. तिथे झाडी आहे, रात्रीचा प्रसंग छान उठेल. फक्त काळा झगा नको. आपल्याकडच्या उन्हात फादर पांढराच घालतात, तोही मिस्सा-समारंभाला. एरवी शर्ट-पँट.

पेठी_इतिहास:
मनोऱ्याचं बोललो होतो, पंथाचं नव्हे. पण पंचहौदचं नाव निघालंच आहे तर चहा आठवा. १८९० साली टिळक, रानडे आणि बरीच बडी मंडळी तिथल्या मिशनमध्ये व्याख्यानाला गेली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली. कुणी घेतली, कुणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोश्यांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि शहर पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहा पिणं हा गुन्हा नव्हता, नावं छापली तेव्हा तो झाला. पुण्याला कन्फेशनची पेटी कधी लागलीच नाही, वर्तमानपत्र पुरे होतं.

मिरची_भजी:
आणि आता सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप.

ओटीटी_ग्रस्त:
विषयावर येतो. मामुट्टीचा 'द प्रीस्ट' (२०२१) कुणी पाहिलाय? त्यात फादर कार्मेन बेनेडिक्ट एका घराण्यातल्या आत्महत्यांच्या मालिकेचा छडा लावतो. अर्धा सिनेमा रीतसर तपास, मग भूतबाधा सुरू आणि फादर थेट मांत्रिकाच्या ड्युटीवर. मला पूर्वार्ध आवडला. भूत आलं की रहस्य संपतं, कारण भुताला ॲलिबाय लागत नाही. पण कसबेकर, तिथे फादर गप्प नाही, धडाधड प्रश्न विचारतो. तुमच्या कुलपाचा प्रश्नच येत नाही.

इरावती_वाचते:
कुलपाचा प्रश्न सोडवणारा एक पाद्री १९१० पासूनच आहे की, इंग्रज लेखक चेस्टरटनच्या गोष्टींतला फादर ब्राउन. बुटका, छत्री सांभाळता न येणारा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. पहिल्याच गोष्टीत तो पाद्र्याच्या वेषातल्या चोराला पकडतो. कशावरून ओळखलं? तर हा बुद्धीची, तर्काची निंदा करत होता, आणि ते चुकीचं धर्मशास्त्र. खरा पाद्री तसं बोलणार नाही! चोर थक्क होतो की या भोळ्याला एवढ्या लबाड्या माहीत कशा. फादरचं उत्तर साधारण असं की ज्याला दिवसभर लोकांची पापं ऐकायची, त्याला माणसातलं वाईट कळणार नाही का.

मला यात कसबेकरांच्या आक्षेपाचं उत्तर दिसतं. अमक्याने अमकं केलं हे कुमसारातून वापरायचं नाही, ठीक. पण हजार माणसांचं ऐकून माणूस कसा घसरतो याची जी जाण येते, ती कुणाची गुपितं फोडत नाही. फादर ब्राउन ठसे मोजत नाही, तो स्वतःला खुन्याच्या जागी बसवून बघतो. मी असतो तर का मारलं असतं? डोकं तिथपर्यंत गेलं की खुनी सापडतो. आणि बऱ्याचदा तो पोलिसांना न सांगता गुन्हेगाराशी एकटाच बोलत बसतो. त्याला दिवाणखान्यातल्या टाळ्या नकोच असतात. त्या चोराचंही पुढे मतपरिवर्तन होतं आणि तोच गुप्तहेर बनतो. पोलिसांच्या वहीत हे यश धरत नाहीत.

कसबेकर:
इरावती, पुस्तकात हे जमतं. पडद्यावर एक माणूस खुर्चीत बसून स्वतःला खुनी समजतोय हे बघायला कोण तिकीट काढेल?

निवृत्त_फौजदार:
बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा धागा बघून राहवलं नाही. नोकरीचा बराचसा काळ शहरातच गेला.

लोक कबुली देतात. पोलिसांनाच देतात असं नाही. पानवाल्याला देतात, देवळातल्या गुरवाला देतात, दारू प्यायलावर मेव्हण्याला देतात. पोटात राहत नाही. आम्हाला त्या कबुलीत फारसा रस नसतो, वकीलसाहेबांनी सांगितलं तसं आम्हाला दिलेली कोर्टात चालत नाही आणि बाकीच्यांना दिलेली कमकुवत ठरते. आम्हाला हवी असते वस्तू. आमच्या ताब्यातला आरोपी 'सुरा अमक्या विहिरीत टाकला' म्हणाला आणि पंचांसमोर तिथून सुरा निघाला, तर कबुलीचा तेवढा तुकडा टिकतो, जुनं कलम २७. विहीर महत्त्वाची, रडणं नाही.

त्या दृष्टीने इन्स्पेक्टर लारूचा तपास मला ढिसाळ वाटला. रक्ताचा झगा लोगनच्या पेटीत सापडला. बरं. मग तो अंगावर घालून बघितला का? क्लिफ्ट सडपातळ उंच, केलर वेगळ्या बांध्याचा. त्या रात्री केलर कुठे होता हे विचारलं का? वकिलाकडे बागकामाला कोण जायचं? केलरच. घरात ये-जा असलेल्या माणसापासून तपास सुरू करायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. लारूला फादर आणि बाईचं लफडं सापडलं आणि तो तिथेच रमला. आमच्या खात्यातही हे होतं. चटकदार हेतू मिळाला की पुरावा शोधायचा कंटाळा येतो.

फादर गप्प होता म्हणून केस अडकली, हे मला मान्य नाही. साक्षीदार गप्पच असतात. शेजारी गप्प, नातेवाईक गप्प, चाळीतला दिवा आम्ही शिरलो की बंद. एक आणखी गप्प निघाला तर तक्रार कसली? मी असतो तर फादरला दोन प्रश्न विचारून सोडला असता आणि आल्माच्या कॉफीला जाऊन बसलो असतो.

तिसरी_घंटा:
काका, वा. हिचकॉकने तुम्हाला तांत्रिक सल्लागार घ्यायला हवं होतं. आल्मालाच शेवटी राहवत नाही, कोर्टाबाहेर जमाव फादरला ढकलत असतो तेव्हा ती पुढे धावते. केलरने गोळी घातली ती त्यामुळे.

कसबेकर:
हेच तर माझं मूळ दुखणं! आल्मा मरते. फादर आधी बोलला असता तर वाचली असती. क्वार्टरगेटची ताई, हिशेब कुणाच्या खात्यात?

क्वार्टरगेटची:
केलरच्या. गोळी त्याने घातली.

तुम्हाला हे टाळलेलं उत्तर वाटेल, म्हणून थोडं पुढे जाते. बोलला असता तर आल्मा वाचली असती, कदाचित. पण लोगनच्या हिशेबात त्या रात्री सांगणारा माणूस केलर नव्हता आणि ऐकणारा लोगनही नव्हता. आम्हाला लहानपणी शिकवतात की जाळीपलीकडे फादर बसलेला नसतो, देव असतो. त्याला जे कळलं ते त्याला कळलेलंच नाही, असं त्याने जगायचं. हे माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे असं तुम्ही म्हणालात तर मी वाद घालणार नाही. शेवटी पळून हॉटेलात शिरलेला केलर मरताना फादरकडेच क्षमा मागतो आणि फादर देतो. बायकोच्या खुन्याला. तुमचा राग मला कळतो, मला स्वतःला ती क्षमा गिळायला जड जाते.

डोकेदुखी:
हे मात्र प्रामाणिक बोललात.

वसईवाला:
एक वेगळा मुद्दा. पाद्री म्हणजे गप्प बसणारा माणूस, असं या धाग्यावर चित्र उभं राहतंय. आमच्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईच्या लढ्यात जमिनी गिळणाऱ्यांविरुद्ध भर सभांमधून तोंड उघडलं होतं. तेच पुढे उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पाद्री नायक हवा तर बोलणाराही घ्या. कुमसाराच्या पेटीबाहेर डोळ्यांनी जे दिसतं त्यावर त्याने गप्प बसावं, असं कुठलंही कलम सांगत नाही.

ॲड_खडूस:
आणि तो सिनेमा जास्त धोकादायक ठरेल. कन्फेशनवाल्या फादरला सहा महिने, जमिनीवर बोलणाऱ्याला काय काय होतं ते वेगळं सांगायला नको.

कसबेकर:
बरं, मग पुण्याच्या सिनेमाची गोष्ट मी मांडतो. सिटी चर्चसारखं जुनं चर्च, कारभारी दानपेटीचा चोर, आणि एके सकाळी चर्चचा हिशेबनीस मेलेला. कारभारी शनिवारच्या रांगेत उभा राहून सगळं सांगतो. फौजदार काका तपासाला. फादर काही बोलत नाही. काका फक्त बघतात की फादर दानपेटीची किल्ली कुठे ठेवतो.

क्वार्टरगेटची:
फादर किल्ली तिथेच ठेवेल. काकांना काहीच दिसणार नाही.

निवृत्त_फौजदार:
दिसेल. हिशेबनिसाचा खून झालाय, पेटीत तूट आहे हे सगळ्या चर्चला कळलंय, अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस किल्ली हलवतो. हा एकटाच हलवत नाही. माझी मान आपोआप कारभाऱ्याकडे वळेल.

क्वार्टरगेटची:
अहो काका, मग तर फादरचं न हलवणं हीसुद्धा खूण झाली की! ९८३ खाली तेही अडकतं. आता त्याने करायचं काय, हलवायची की नाही?

निवृत्त_फौजदार:
ते तुमच्या सेमिनरीवाल्यांना विचारा, मला आरोपी मिळाला. पण मापाचं राहिलं. तिसरी_घंटा, तो झगा लोगनच्या अंगावर चढवून बघितल्याचं कुठे दाखवलंय का? कोर्टाचा भाग पुन्हा बघून सांगा.

तिसरी_घंटा:
बघतो. न्याहारीचा प्रसंग लागला तर तिथेच अडकेन, उशीर झाला तर रागावू नका.

ओटीटी_ग्रस्त:
त्यापेक्षा सगळे मिळूनच पाहू. कोथरूडला माझ्याकडे प्रोजेक्टर आहे, गच्ची आहे. वकीलसाहेब, फी घेणार असाल तर भजी तुमच्याकडून.

मिरची_भजी:
भज्यांचा विषय निघाला की मला टॅग करत जा.